घसरणारा खांब आणि धाकटीचा भाव

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा ज्याच्या डोक्यावर ऐटीत बसतो, तो तीन पायांचा स्टँड. फोटो पाहून तुम्ही म्हणता, "काय झकास कॅमेरा आहे!" फारच उदार झालात तर म्हणता, "काय हात आहे फोटोग्राफरचा!" पण "वा, काय स्टँड आहे!" असे उद्गार आजवर माझ्या कानावर पडलेले नाहीत. माझे काम फक्त न हलणे, आणि न हलणाऱ्याकडे कोण बघणार? पण घाबरू नका, मी रडगाणे गायला उभा राहिलेलो नाही. मी तुम्हाला एका विजयाची गोष्ट सांगणार आहे. त्या विजयात माझाही वाटा आहे, आणि तो मी मुळीच लपवणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नळ्या कापल्या, एकात एक सरकवल्या, काळा रंग दिला, पायांत रबराचे बूट घातले. पायांच्या मधोमध एक खांब बसवला. हा खांब वर-खाली सरकतो आणि त्यावर कॅमेरा बसतो. हव्या त्या उंचीवर खांब आणायचा आणि बाजूचा स्क्रू आवळायचा, म्हणजे तो तिथेच थांबतो. तपासनिसाने माझ्या डोक्यावर दोन्ही हातांनी जोर दिला, मला गदागदा हलवले आणि म्हणाला, "चालेल." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. पुढे कित्येक वर्षे मी त्यावरच दिवस काढले.

तिथून मी मास्तरांच्या स्टुडिओत आलो. हे मास्तर शाळेत शिकवणारे नव्हते. "हनुवटी वर, खांदे खाली, आता हलायचं नाही" असे ते गिऱ्हाइकांना दरडावत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. ओळखपत्रांचे फोटो, बाळांचे पहिले फोटो, लग्न ठरवण्यासाठी काढलेले फोटो, सगळे माझ्या डोक्यावरून निघाले. मी इतकी वर्षे एकाच जागी उभा होतो, की फरशीवर माझ्या पायांचे तीन डाग पडले. मास्तरांची एक पद्धत मला फार आवडायची. ते भाव कधी तोंडाने सांगत नसत. भिंतीवर रंगवलेली पाटी होती. कोणी घासाघीस सुरू केली, की मास्तर पाटीकडे बोट दाखवत आणि मागचा पडदा सरळ करायला लागत. पाटीशी हुज्जत कोण घालणार?

मग लोकांच्या खिशात फोन आले आणि फोनमध्ये कॅमेरे आले. गिऱ्हाइके रोडावली. एके दिवशी मास्तरांनी पाटी उतरवली आणि मला पाय मिटून कपाटावर ठेवले. तिथे मी धूळ खात पडलो. माझा स्क्रू झिजला होता. कितीही आवळा, थोड्या वेळाने खांब आपला आपणच हळूच खाली घसरायचा. कपाटावर त्याचे कोणाला काय!

अशातच एक दिवस धाकटी आली. घरात सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. नोकरी करण्याच्या वयाची झाली, तरी नाव तेच राहिले. तिने नवा कॅमेरा घेतला होता आणि त्यात तिची सगळी जमापुंजी संपली होती. मला पाहून तिचे डोळे चमकले. किंमत ऐकून तिचा चेहरा पडला.

"मास्तर, थोडं कमी करा ना. मी आत्ताच सुरुवात करतेय."

"फुकटसुद्धा देईन," मास्तर म्हणाले. "पण फुकट दिला तर पंधरा दिवसांत दारामागे जाईल. पैसे मोजलेस तर पुसून ठेवशील."

त्यांनी माझी पुरेपूर किंमत घेतली. वर बजावले, "मधल्या खांबाचा स्क्रू झिजलाय. नवा बसवून घे. विसरू नको." ती 'हो' म्हणाली. घरी गेल्यावर स्क्रूसाठी पैसे उरले नव्हते, म्हणून तिने खांबाला कापडाची चिंधी गुंडाळली. बोहल्यावर चढायला निघालेल्याच्या पायाला पट्टी असावी, तसे मला वाटले. पण पुन्हा कामावर जायचे होते, त्या आनंदात मी ती चिंधीही मिरवली.

मित्रांनो, धाकटीचा हात खरोखर चांगला होता. माणूस कॅमेऱ्यासमोर अवघडणे थांबवतो, तो नेमका क्षण तिला कळायचा. अडायचे ते पुढे. काम संपले, की समोरचा विचारी, "किती द्यायचे?" मग आमच्या धाकटीच्या तोंडचे पाणी पळायचे.

"तुम्हाला योग्य वाटेल ते द्या."

लोकांना काय योग्य वाटते, ते आम्हाला लवकरच कळले. शेजारच्या बाळाचे फोटो काढले, तेव्हा बिस्किटांचा एक पुडा आणि भरघोस आशीर्वाद मिळाले. "तू काय, आमच्या घरचीच!" बाळाची आजी म्हणाली. आशीर्वादांबद्दल माझी तक्रार नाही, पण त्यांच्यावर बॅटरी चार्ज होत नाही.

मग तिने ठरवले, की आपण आकडा सांगायचा. चपलांच्या दुकानाचे काम आले. नव्या मालाचे फोटो हवे होते. दुकानदाराने विचारले, तशी ती धीर करून म्हणाली, "पाच हजार."

दुकानदार गप्प. ड्रॉवर उघडून त्यात बघत राहिला.

"म्हणजे... चार चालतील," धाकटी म्हणाली.

दुकानदार अजून गप्प. दुसरा ड्रॉवर उघडला.

"साडेतीन करू. पहिलंच काम आहे आपलं."

"सापडला!" दुकानदार म्हणाला आणि त्याने ड्रॉवरमधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "हां, काय म्हणत होता तुम्ही? साडेतीन? ठीक आहे."

बिचाऱ्याने पहिला आकडा ऐकलाही नव्हता! मी कपाळाला हात लावला असता, पण मला हात नाहीत. त्याच वेळी माझा खांबही चिंधीसकट हळूच खाली आला. आम्हा दोघांचा आजार एकच होता. कोणी ढकलत नव्हते, तरी आम्ही घसरत होतो.

घरात बाबांनी तिला एक वर्ष दिले होते. वर्षभरात फोटोंवर तिचा स्वतःचा खर्च भागला तर ठीक, नाहीतर काकांच्या ऑफिसात हिशेबाची नोकरी तयार होती. बाबा काही दुष्ट नव्हते. त्यांना काळजी वाटायची. "अगं, छंद म्हणून कर की फोटोग्राफी, कोण नको म्हणतंय?" ते म्हणायचे. 'छंद' हा शब्द ऐकला, की धाकटी मान खाली घालून कॅमेऱ्याची काच पुसायला लागायची. ती आधीच स्वच्छ असायची.

वर्ष संपत आले, तेव्हा तिला एक युक्ती सुचली. आकडा सांगायची भीती वाटते ना? मग तासाचा भाव ठरवू. तासाला एक हजार. जितके तास, तितके हजार. त्यात लाजायचे काय?

युक्ती ऐकायला छान होती. पहिल्याच घरी तिचे पितळ उघडे पडले. मोठ्या कुटुंबाचा एकत्र फोटो काढायचा होता. घरातले आजोबा हातात घड्याळ धरूनच बसले. धाकटीने माझे पाय उघडले, जमीन उंचसखल होती म्हणून एक पाय आखूड केला, खांब वर घेतला, चिंधी नीट केली.

"हा स्टँड लावायचा वेळ धरायचा नाही हं," आजोबा म्हणाले. "आम्ही फोटोचे पैसे देतोय, स्टँडचे नाही."

पुढच्या कामाला तिने मला नेले नाही. त्याच्या पुढच्या कामालाही नाही. माझ्यामुळे वेळ जातो, आणि वेळेवर तर सगळ्यांचा डोळा! मी दारामागे गेलो. मास्तरांनी पूर्ण किंमत घेऊनही मी अखेर दारामागेच गेलो. तिथे एक छत्री होती, ती तरी पावसाळ्यात बाहेर पडायची. मला फार वाईट वाटायचे, आणि तिच्याबद्दल त्याहून वाईट वाटायचे. कारण दारामागून मला सगळे दिसत होते. ती कामात जितकी तरबेज होत होती, तितकी लवकर उरकत होती, आणि जितकी लवकर उरकत होती, तितके पैसे कमी मिळत होते. वर घरी येऊन फोटो निवडणे, उजेड-रंग सुधारणे, यात दोन-दोन दिवस जायचे. ते दिवस कोणाच्याच घड्याळात नव्हते.

वर्षाचा शेवटचा महिना उरला, तेव्हा काचवाल्या बाईंचे काम आले. गल्लीच्या टोकाला त्यांची भट्टी होती. त्या तापलेल्या काचेत फुंकर घालून फुलदाण्या, पेले, दिवे घडवायच्या. त्यांचे मोठे प्रदर्शन भरणार होते आणि सगळ्या वस्तूंच्या फोटोंचे पुस्तक छापायचे होते. आधी काही फुलदाण्यांचे फोटो काढून दाखवा, जमले तर सगळे काम तुमचे, असे बाई म्हणाल्या. हे एक काम मिळाले असते, तर वर्षभराचा खर्च निघून वर उरला असता.

धाकटी एका तासाच्या बोलीवर गेली. मला न घेता.

काचेचा फोटो मागून येणाऱ्या मंद उजेडात खुलतो. मंद उजेडात कॅमेऱ्याला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. आणि तेवढा वेळ माणसाचा हात स्थिर राहत नाही, मित्रांनो, तो कितीही तरबेज असो. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर सगळे ठीक दिसले. घरी येऊन तिने फोटो कॉम्प्युटरवर मोठे केले, तेव्हा प्रत्येक फुलदाणीला दोन-दोन काठ दिसत होते. सगळे फोटो हलले होते.

धाकटी रडली. तोंड लपवून वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन रडली. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "काकांना फोन करू का?"

"महिना संपू द्या, बाबा," ती म्हणाली. "मग करा."

मग ती उठली आणि सरळ दारामागे आली. तिने मला बाहेर काढले, माझे पाय पुसले, खांबावरची मळकी चिंधी सोडली आणि फेकून दिली. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तिने नवा स्क्रू आणला. इतका छोटासा तो स्क्रू, पण तो बसला आणि माझा खांब ताठ उभा राहिला. मास्तरांच्या स्टुडिओतल्या पहिल्या दिवसासारखे मला वाटले. मी गाऊ शकत असतो, तर गायलो असतो.

आई भाजी निवडत बसली होती. धाकटी मला समोर घेऊन फरशीवर बसली.

"आई, माझं काहीतरी चुकतंय. तासाला हजार घेते, तरी हातात काही उरत नाही."

"तासाला हजार म्हणजे चांगलेच की गं."

"एक तास तिथं. पण आदल्या दिवशी जागा आणि उजेड बघायला जाते. मग जाणं-येणं. मग घरी दोन दिवस कॉम्प्युटरसमोर."

"मग त्या दोन दिवसांचे कोण देतं?"

"कोणीच नाही."

"कोणी कसं नाही? तू देतेस," आई म्हणाली आणि भाजीचे देठ बाजूला टाकले.

धाकटी बोटांवर मोजायला लागली. मग ती मोठ्याने जुळवाजुळव करू लागली. तिथला वेळ, घरचा वेळ, कॅमेऱ्याची झीज, बॅटऱ्या, बिघाड, कामाविना जाणारे दिवस. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हा लावायचा वेळसुद्धा." सगळे धरून तासांचा हिशेब बाजूला ठेवायचा आणि पूर्ण कामाचा एक भाव सांगायचा, असे तिने ठरवले. काचवाल्या बाईंच्या सगळ्या वस्तूंचे किती, तेही तिने मांडले. आकडा साठ हजार आला.

"बाप रे!" ती स्वतःच म्हणाली. "पन्नास म्हणू का?"

"घसरलीस!" आई ओरडली. "अजून गिऱ्हाईक दारात आलं नाही, तोवर दहा हजार घालवलेस?"

मग घरात तालीम सुरू झाली. गिऱ्हाईक म्हणून बाबांना बसवले. बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले आणि गप्प बसले. गप्प बसण्यात बाबांचा हात धरणारे आमच्या घरात कोणी नाही.

"साठ हजार," धाकटी म्हणाली. वर्तमानपत्र हलले नाही. "पंचावन्न..."

आई हसून हसून बेजार झाली. पुन्हा. "साठ हजार." शांतता. "म्हणजे तसं बघितलं तर..." पुन्हा. तिसऱ्या वेळी धाकटीने आकडा सांगितला आणि माझा स्क्रू घट्ट धरून ओठ मिटले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. अखेर वर्तमानपत्र खाली आले.

"जास्त आहेत," बाबा म्हणाले. "कमी कर."

"वस्तू कमी करता येतील," धाकटी म्हणाली. "भाव नाही."

बाबांनी तिच्याकडे नवीन माणसाकडे बघावे तसे बघितले. मग वर्तमानपत्र पुन्हा वर केले. पण त्यांनी ते उलटे धरले होते, हे माझ्या लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही काचवाल्या बाईंकडे गेलो. आम्ही, म्हणजे मीसुद्धा!

"बाई, परवाचे फोटो हललेत," धाकटीने आल्या आल्या सांगितले. "चूक माझी आहे. ते पुन्हा काढून देते, त्याचे पैसे नकोत. पण या वेळी घाई करणार नाही."

तिने माझे पाय पसरले, एक एक खटका बसवला, खांब वर घेतला आणि स्क्रू आवळला. घड्याळ धरून कोणी बसले नव्हते. खिडकीतला उजेड फुलदाणीतून झिरपेपर्यंत आम्ही थांबलो. कॅमेऱ्याने डोळा उघडला आणि बराच वेळ उघडा ठेवला. मी श्वास घेत नाही, हे माझे नशीब. मी केसभरही हललो नाही.

बाईंनी ते फोटो मोठ्या पडद्यावर पाहिले. काठ एकच होता, धारदार, स्वच्छ. आणि काचेच्या पोटात अडकलेला एक बारीक बुडबुडा मोत्यासारखा चमकत होता.

"हा बुडबुडा फुंकताना माझ्याकडूनच राहिला होता," बाई म्हणाल्या. "मला तो दोष वाटायचा. इतका देखणा आहे होय?" त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, सगळ्या वस्तूंचं काम करायचं. कसं घेणार? तासावरच ना?"

"तासावर घेणं बंद केलंय मी. पूर्ण कामाचे साठ हजार."

आणि ती गप्प बसली.

बाईही गप्प. मागे भट्टी घुमत होती. बाईंनी एक पेला उचलला, पदराने पुसला, खाली ठेवला. दुसरा उचलला. धाकटीचा हात माझ्या स्क्रूवर आला. तिने तो आवळला. बाईंनी दुसरा पेला पुसला. तिने आणखी आवळला. तिच्या बोटांचा घाम मला जाणवत होता. तिचे ओठ एकदा हलले. मला वाटले, आता ही 'पंचावन्न' म्हणणार! पण ते पुन्हा मिटले. माझा खांब तसूभरही खाली आला नाही, मित्रांनो, आणि तिचा भावही.

"जरा जास्त होतंय," बाई म्हणाल्या.

"वस्तू कमी करू या. भाव कमी नाही होणार."

बाई फळ्यांकडे वळल्या. एका दिव्यावर त्यांनी बोट ठेवले, मग काढून घेतले. एका पेल्याकडे बघितले, मान हलवली. इकडून तिकडे फिरून आल्या.

"यातलं कुठलं वगळू?" त्या म्हणाल्या. "सगळीच माझी लेकरं." आणि एकदम हसायला लागल्या. "असं बोलायला कुठं शिकलात हो? मलाही शिकवा. कालच एक मोठी फुलदाणी अर्ध्या किमतीत देऊन बसले. आणि तो माणूस कमी करा म्हणालाही नव्हता. नुसता गप्प उभा होता!"

धाकटीला हसू आवरेना. मग दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"सोमवारी या," बाई म्हणाल्या. "निम्मे आगाऊ देते. आणि हा तुमचा स्टँड आणायला विसरू नका."

हे शब्द पुन्हा वाचा, मित्रांनो. कारखान्यातल्या त्या 'चालेल'नंतर इतक्या वर्षांनी माझे कौतुक झाले होते.

घरी पोचल्यावर धाकटीने सगळे एका दमात सांगितले. आईने तिच्या पाठीवर असा धपाटा घातला, की ती कळवळली. बाबा उठले, त्यांनी फोन उचलला आणि काकांना लावला. धाकटीचा हात पुन्हा माझ्या स्क्रूवर आला.

"ऐक रे," बाबा म्हणाले, "ती जागा दुसऱ्या कोणाला दे. धाकटीला वेळ नाही. तिचं काम जोरात चाललंय." मग पलीकडचे ऐकून म्हणाले, "तुमच्या ऑफिसचे फोटो? काढेल की. पण आधी तिला भाव विचार. आणि घरचे म्हणून कमी होतील, या भ्रमात राहू नकोस. मी स्वतः प्रयत्न करून बघितलाय."

आता ते पुस्तक छापून आले आहे. घरात कोणी आले, की बाबाच आधी ते काढून पुढे ठेवतात. त्यातल्या एका पानावर निळी फुलदाणी आहे. तिच्या गोल पोटात नीट निरखून बघितले, तर तीन बारीक काळ्या रेघा दिसतात. ते माझे पाय आहेत. काचेत माझे प्रतिबिंब पडले होते. धाकटी अशा गोष्टी काळजीपूर्वक पुसून टाकते. हीही तिच्या लक्षात आली होती, पण तिने बाईंना दाखवून विचारले आणि तेवढी राहू दिली.

मित्रांनो, तुमच्या घरातही दारामागे, कपाटावर माझ्यासारखे कोणीतरी उभे असेल. त्याला पुसा. त्याचे कुठे काही झिजले असेल, तर चिंधी गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, नवा स्क्रू आणा. आणि उद्या तुमच्या स्वतःच्या मेहनतीला कोणी "किती?" म्हणून विचारले, तर आकडा सांगा, स्क्रू आवळा आणि गप्प उभे राहा. समोरचा कदाचित नुसता आपला चष्मा शोधत असेल.